नदीच्या पोटातली भिंत

लॉस एंजेलिस,
रविवार

प्रिय मास्तर,

तुझं पत्र पोचलं. यंदा १४ एप्रिलला पोरांना भिंत रंगवायची नाही, फ्लेक्सच हवाय, म्हणून तू वैतागलायस. काय उत्तर द्यावं सुचत नव्हतं. मग परवा धाकटीने मला एक भिंत दाखवायला नेलं.

कल्पना कर, नाला आहे. म्हणजे मुळात नदीच, पण पुराच्या भीतीने लष्करी इंजिनिअरांनी सिमेंटच्या पाटात कोंडलेली. त्या पाटाच्या आतल्या भिंतीवर चित्र. उंची १३ फूट, लांबी २७५४ फूट! आपण वर रस्त्याच्या कडेने, जाळीतून खाली बघत चालायचं. माझे गुडघे तुला ठाऊक आहेतच. तरी शेवटापर्यंत गेलो आणि तेवढंच परत आलो.

ही भिंत उभी केली जुडी बाका या बाईने. जन्म १९४६, याच शहरातला. घर मेक्सिकन. शाळेत स्पॅनिश बोलायला बंदी आणि इंग्रजी तर येत नाही, तेव्हा बाई तिला कोपऱ्यात चित्रं काढत बसवायच्या. तुझ्या वर्गात अहिराणी बोलली म्हणून जिला सगळे हसले होते ती पोरगी आठवली मला. पुढे ही मुलगी स्वतः शिक्षिका झाली, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उतरली आणि नोकरीला मुकली. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांची चिकानो चळवळ तेव्हा भरात होती. हिने बागेतल्या टोळ्यांची पोरं गोळा केली, एकमेकांची तोंडं न बघणारी, आणि १९७० मध्ये त्यांच्याकडून हॉलेनबेक पार्कातल्या बँडच्या मंचावर एक आजी रंगवून घेतली, दोन्ही हात पसरलेली. आधी आजी, घोषणा नाही. ही अक्कल आपल्याला त्या वयात नव्हती.

नाल्याचं काम १९७६ च्या उन्हाळ्यात सुरू झालं. पहिल्या खेपेला ८० पोरं, त्यातली बरीच पोलिसांच्या वहीत नाव चढलेली; एका उन्हाळ्यात १००० फूट. पावसाळ्यात पाटात पाणी, म्हणून काम फक्त उन्हाळ्यात. असे पाच उन्हाळे, १९८३ पर्यंत. एकूण चारशेच्या वर पोरं. दुसरा उन्हाळा १९७८ चा. त्याच साली आपण दोघं रात्री गेरूचा डबा घेऊन नामांतराच्या घोषणा लिहीत हिंडत होतो की नाही?

आणि चित्रात काय, तर शाळेच्या पुस्तकाने गाळलेला कॅलिफोर्निया. मंदीच्या काळात आगगाडीत घालून मेक्सिकोला धाडलेली माणसं. महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकन. चावेझ रविन नावाच्या वस्तीतून लोकांना उठवलं आणि तिथे पुढे बेसबॉलचं स्टेडियम झालं. ते स्टेडियम तिने उडत्या तबकडीसारखं वस्तीवर उतरताना दाखवलंय, आणि खाली हायवे अजगरासारखा वेटोळे घालत घरच्या माणसांची ताटातूट करतोय. तिथे मी किती वेळ उभा होतो, धाकटीला विचार. आपल्याकडच्या रस्तारुंदीकरणात गेलेली भिंत आठवत होतो, दुसरं काय.

खरं सांगू? सगळंच काही उत्तम नाही. काही चेहरे ताठ आहेत, दोन-चार हात तू खोडरबराने पुसायला लावले असतेस. पण ते हात कोणी काढलेत हे कळल्यावर मला तेच जास्त आवडले. १९५० च्या दशकापाशी भिंत थांबते. पुढची दशकं बाई आता, ऐंशीच्या घरात, रंगवायला घेऊन बसल्यात.

तर मास्तर, फ्लेक्स लागू दे. तू फक्त समाजमंदिराच्या मागची भिंत आखून घे, चौकटी मोठ्या ठेव, आणि आधी पोरांना म्हण की तुमच्या आज्यांचे फोटो आणा. बाबासाहेब नंतर काढू, त्यांना घाई नसते.

मी २ तारखेला पोचतोय. इथे रुंद सपाट ब्रश फार चांगले मिळतात. किती आणू ते लगेच कळव, बॅगेचं वजन बघावं लागतं.

तुझा,
बंड्या