थुंकी पुतण्याची, चौकशी आमची

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत पूर्वज शोधून देणाऱ्या डीएनए किटवरचा लेख वाचला. नळीत थुंका, कुरिअर करा अन् आपलं मूळ हुडका, असा एकंदर सूर. अर्ध्या पानात गोपनीयतेबद्दल एक ओळ नाही. लेखाखालीच तसल्याच किटची जाहिरात होती, तो योगायोगच असणार.

आमच्या पुण्याच्या पुतण्यानं हौसेनं ही तपासणी केली आणि अहवालाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. 'मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा जास्त', खाली लाल पट्टी. तिथून तो कुठं कुठं फिरला देव जाणे. मुलीच्या सोयरिकीची बोलणी सेलूला चालू होती. बैठकीत पाहुण्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली अन् विचारलं, "तुमच्या घराण्यात साखर रक्तातच हाय म्हणं?" माझी साखर आजवर नॉर्मल, मुलीची तर कधी तपासायची वेळच आली नाही. बोलणी तिथंच बारगळली. पुतण्याला झापलं तर म्हणतो, "काका, डेटा माझा आहे."

त्यातला साधारण चौथा हिस्सा माझाही आहे की, बाबा! वडिलोपार्जित वीस गुंठ्यांच्या फेरफाराला तलाठी सगळ्या हिस्सेदारांना नोटिसा काढतो. इथं अख्ख्या भावकीचा सातबारा एकटं पोरगं मोबाइलवर टिक मारून देऊन येतं.

लेखात अमेरिकेच्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या डीएनए तपासणाऱ्या कंपनीचं कोण कौतुक! २०२३ मध्ये चोरट्यांनी तिथली खाती फोडली सुमारे १४ हजार, पण नातेवाईक जुळवून देण्याच्या सोयीमुळं माहिती गेली जवळपास ६९ लाखांची. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, अन् गिऱ्हाइकांचा डीएनएही विक्रीला निघाला. एवढी मोठी बातमी तुमच्या लेखकाला दिसली नाही? आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर जनुकीय माहितीचा वेगळा वर्गच करत नाही. फोन नंबरला जो न्याय, तोच डीएनएला. काका-चुलत्यांना विचारण्याचा तर प्रश्नच नाही.

जाता जाता, परभणीचं पान हिंगोलीच्या पानात कोंबल्यापासून निधनवार्ता दहावं उरकल्यावर वाचायला मिळतात. पूर्वजांचा शोध राहू द्या, आत्ता गेलेल्यांचं तेवढं वेळेवर छापा.

— एक जुना वर्गणीदार, परभणी