पोलंडचं छत्रीवालं विमान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, त्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला. पण पोलंड म्हणजे ‘घोड्यांवर बसून लढणारा देश’ हे वाक्य खटकलं.

आमचे वडील त्या कॅम्पात दूध घालायचे. १९४८ साली कॅम्प उठला तेव्हा तिथल्या एका पोरानं त्यांना लाकडी विमान दिलं. वीतभर लांब, कुठल्या तरी खोक्याच्या फळीतून कोरलेलं. पंख म्हणजे एकच सलग पट्टी, तीही अंगाला न चिकटता काड्यांवर उभी, डोक्यावर छत्री धरावी तशी. मी उद्यमनगरातला पॅटर्नमेकर, फौंड्रीला लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने, करून देण्यात जन्म गेला. पोराचं माप चुकलं, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. नातवानं मोबाईलवर जुन्या पोलिश विमानांची चित्रं दाखवली तेव्हा कळलं, चूक माझीच.

रोगाल्स्की, विगुरा आणि ड्झेव्येत्स्की ही वॉर्सा पॉलिटेक्निकची पोरं. त्यांच्या आद्याक्षरांवरून आरडब्ल्यूडी विमानं निघाली. विगुरा १९३२ साली विमान अपघातातच गेला, अक्षर मात्र राहिलं. १९३३ मध्ये दोन विमानं उडाली: नवशिक्यांसाठी गरीब स्वभावाचं दोन आसनी आरडब्ल्यूडी-८ आणि कसरतींसाठी आरडब्ल्यूडी-१०. पण दहा नंबरात जागा एकाचीच. पहिली कोलांटी मारायची ती एकट्यानं! आपल्याकडं वस्ताद आधी स्वतः लाल मातीत उतरून पोराशी झोंबतो, मग त्याला मैदान दाखवतो. तसं वस्तादासकट कसरत करणारं विमान हवं होतं. ते ब्रोनिस्लाव झुराकोव्स्कीनं केलं: आरडब्ल्यूडी-१७, पहिलं उड्डाण १९३७. पुढं-मागं दोन जागा, पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, वरून कापड. आणि पंख वर, छत्रीसारखे. दोनच वर्षांनी युद्ध आलं. याच झुराकोव्स्कीनं १९५० साली पोलंडचं पहिलं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं.

आमचं खेळणं नेमकं कुठल्या विमानाचं, हे मी छातीठोक सांगणार नाही. छत्रीवाली विमानं त्यांच्याकडं बरीच होती. पण महावीर गार्डनमधल्या पोलिश स्मारकाजवळून जाताना आता मला घोडे आठवत नाहीत.

वळिवड्याच्या आठवणी जपणाऱ्या कुणाला हे विमान ठेवून घ्यायचं असेल तर आपल्यामार्फत कळवावं. एक चाक गेलंय. नवं करायला मला अर्धा तास पुरे, पण केलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर