पोहता न येणाऱ्यांना आधी सराव द्या

महोदय,

अंदमानातील स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मुखवटा व नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे जग पाहण्यासाठी, जाणाऱ्या मराठी पर्यटकांत पोहता न येणारेही असतात. मुखवट्यात नाक बंद होते, श्वास केवळ तोंडातल्या नळीने घ्यायचा असतो आणि नेमका तिथेच घाबरलेला माणूस गोंधळतो; मात्र कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, चेहरा बुडवून संथ श्वास घेण्याचा सराव झाला, की प्रवाळांभोवतीचे पट्टेरी मासे पाहताना भीती ओसरते, हा माझा अनुभव आहे. आमच्या सहलीत मात्र घाईपोटी अनेकांना सरावाविनाच खोल पाण्यात नेले गेले. लाइफ जॅकेटचे पट्टे सैल राहिले, तर ते पाण्यात कानांपर्यंत वर सरकते. तेही कुणी तपासले नाही. आयोजकांनी या दोन्ही गोष्टी बंधनकारक कराव्यात आणि नको म्हणणाऱ्याला भरीस घालू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे