उभं करून एक्स-रे काढणाऱ्या ताईंना

ताई,

झोपवून काढलेली फिल्म नॉर्मल दिसत होती. तरीही तुम्ही पेशंटचा सुजलेला पाय उचलून तळवा पाहिलात. कमानीपाशी जांभळा डाग दिसताच डॉक्टरांना फोन लावून विचारलंत आणि मग पेशंटला म्हणालात, "दोन्ही पाय प्लेटवर ठेवून उभे राहा, माझा खांदा धरा. नाहीच सोसलं तर लगेच बसा." तो खांदा पुढे केलात, त्यासाठी हे पत्र.

आधीच्या ठिकाणी "मुरगळलाय, क्रेप बँडेज बांधा" म्हणून बोळवण झाली होती. घोटा चारी बाजूंनी दाबून पाहिला, पावलाच्या मध्याला कुणी बोटही लावलं नाही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) दुखावणं रोजचंच, त्यामुळे हात आधी तिकडे जातो, हे मान्य. पण चवड्यावर उभं राहता येतं का, एवढं तरी विचारायचं!

पावलात 26 हाडं, 33 सांधे. त्यातलं दुसऱ्या मेटाटार्सलचं (बोटामागच्या लांब हाडाचं) बूड पावलाच्या मध्यातल्या क्युनिफॉर्म हाडांच्या खाचेत रुतलेलं असतं. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची बुडं आडव्या लिगामेंटांनी एकमेकांना बांधलेली, पहिल्या-दुसऱ्यात मात्र तसा बंध नाहीच. तिथली भिस्त लिसफ्रांक लिगामेंटवर, जे आतल्या क्युनिफॉर्मपासून तिरकं दुसऱ्याच्या बुडाला जातं. (लिसफ्रांक हा फ्रेंच सर्जन, त्याचं नाव झालं ते याच सांध्यातून पाऊल कापण्याच्या शस्त्रक्रियेमुळे!) ते तुटलं तरी झोपलेल्या माणसाची हाडं शहाण्यासारखी जागच्या जागी दिसू शकतात. वजन पडलं की फट उघडते. तळव्याकडचे बंध वरच्यांपेक्षा भक्कम. ते फाटले की रक्त तळव्यात उतरतं, म्हणून तो डाग.

तुमच्या फिल्ममध्ये पहिल्या-दुसऱ्या बुडांमधली फट 2 मिमीच्या पुढे होती, आणि दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेच्या रेषेत नव्हती. शेजारी चांगला पाय असल्याने वादाला जागाच उरली नाही. पेशंटला उभं राहता आलं नसतं, तर 10 ते 14 दिवसांनी पुन्हा बोलवावं लागलं असतं. आणि हे निसटलं असतं, तर कमान बसून सांधे झिजायला लागले असते.

बाहेर रांग होती. फॉर्मवर लिहिलंय तेवढं काढून "पुढचा" म्हणाला असतात, तर कुणी नाव ठेवलं नसतं. कामाच्या रेट्यातही समोरच्याचा पाय हातात घेऊन बघणारी माणसं असतात, यावरचा विश्वास अलीकडे पातळ झाला होता. तुम्ही तो पुन्हा घट्ट केलात.

हाडं धरून ठेवणारी धातूची प्लेट बसली आहे. सध्या पाय टेकवायचा नाही. वजन द्यायला सुरुवात झाली की पुन्हा उभ्याची फिल्म लागेल. तेव्हा ड्युटी तुमचीच असू द्या.

तुमची,
पेशंटची फिजिओथेरपिस्ट