गुण आहे, पण शरीरात पोचायला हवा

संपादक साहेब, नमस्कार.

थायलंडमध्ये फा थलाय जोन ही वनस्पती, म्हणजे आपला कालमेघ, कोविडच्या सौम्य पेशंटना २०२१ मध्ये दिवसाला १८० मिलिग्रॅम अँड्रोग्राफोलाइड (तिच्यातला मुख्य औषधी घटक) या हिशोबाने ५ दिवस देत होते, हे वाचून लोक नुसता काढा प्यायला लागतात, पण खरी अडचण वेगळीच आहे हो, हा घटक पाण्यात नीट विरघळतच नाही, त्यामुळे गिळला तरी रक्तात फार थोडा पोचतो, म्हणून तर नॅनोइमल्शनसारखे (म्हणजे औषध तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत मिसळून देण्याचे) प्रयोग चाललेत. फाया यो या तिथल्याच दुसऱ्या औषधी झाडाचं तसं नाही, त्याचं क्रीम नागिणीवर थेट त्वचेलाच लावतात. झाडाच्या गुणांबरोबर हा डिलिव्हरीचा, म्हणजे औषध शरीरात कसं पोचतं याचा भागही बातम्यांमध्ये सविस्तर छापा ना, प्लीज.

एक वाचक