जपानी पिचरचे पैसे वसूल होतात का?

बॉस्टन,
नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, एका जपानी खेळाडूला सत्तर कोटी डॉलर देताना इथल्या बेसबॉलवाल्यांनी काही हिशेब केला की नाही. आईने मध्येच फोन घेतला आणि बोलणं राहून गेलं. म्हटलं, सवडीने लिहावं. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला मोघम उत्तर चालायचं नाही, आणि बॉस्टनमध्ये राहून मला बेसबॉलचं इतकं वेड लागलंय की दोन वाक्यांत माझंही समाधान होणार नाही.

माझं मत आधीच सांगते. पैसे वसूल होतात. पण ज्या आकड्याचा पेपरात मथळा होतो, त्यावरून ते ओळखता येत नाही. आणि जो क्लब खेळाडूचा हात विकत घेतो पण त्या हाताची सवय मोडायला जातो, त्याचे बुडतात.

ओहतानीकडे, म्हणजे तुमच्या त्या सत्तर कोटीवाल्याकडे, नंतर येते. आधी २००६ चा हिवाळा. जपानमध्ये बारा व्यावसायिक संघ आहेत. तिथला खेळाडू नऊ हंगाम पुरे झाल्याशिवाय स्वतःच्या मर्जीने परदेशी संघात जाऊ शकत नाही. त्याआधी जायचं तर त्याच्या क्लबने सोडायला हवं, आणि क्लब फुकट सोडत नाही. या व्यवहाराला पोस्टिंग म्हणतात. तेव्हाची पद्धत अशी होती: अमेरिकेतल्या क्लबांनी बंद बोली लावायची. ज्याची बोली सगळ्यांत मोठी, त्याला एकट्यालाच तीस दिवस त्या खेळाडूशी बोलणी करायचा हक्क. करार झाला तर बोलीची रक्कम जपानी क्लबला, खेळाडूचा पगार वेगळा. करार फिसकटला तर पैसे परत आणि खेळाडूही परत.

डाइसुके मात्सुझाका या पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्स क्लबने बोली लावली ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि ११ सेंट. ती गेली त्याच्या सेइबू लायन्सला. वर त्याला सहा वर्षांचे ५ कोटी २० लाख. म्हणजे एका माणसामागे दहा कोटींच्या वर. त्याचं नाव तिकडे घराघरांत होतं. कोशिएन म्हणून शाळांची राष्ट्रीय स्पर्धा असते, सगळा जपान ती बघतो. १९९८ मध्ये या पोराने उपांत्यपूर्व फेरीत सतरा इनिंग एकट्याने खेचल्या (एरवी सामना नऊ इनिंगचा), अडीचशे चेंडू टाकले, आणि पुढे अंतिम सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिला नाही.

मात्सुझाका हातचा गेल्यावर न्यूयॉर्कच्या यांकीजनी हानशिन टायगर्सच्या केइ इगावासाठी २ कोटी ६० लाख १९४ डॉलर मोजले. वरचे १९४ का, तर त्या हंगामात त्याने तितके बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे फटका मारू न देता बाद, केले होते. पगार पाच वर्षांचा २ कोटी. आणि त्याच हिवाळ्यात रेड सॉक्सने आणखी एक जपानी डावखुरा घेतला, हिदेकी ओकाजिमा. तो मोकळा खेळाडू होता, त्यामुळे बोलीचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांचे मिळून २५ लाख. त्याच्या येण्याची कुणी फारशी दखल घेतली नाही.

इगावा यांकीजकडून एकूण दोन सामने जिंकला. बाकीचा बराचसा काळ स्क्रँटनच्या दुय्यम संघात गेला. साडेचार कोटींहून जास्त रक्कम आणि दोन विजय. याला बुडीत खात्यात टाकण्यावाचून दुसरी नोंद नाही.

ओकाजिमाने अमेरिकेत टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर होमरन बसला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर गेला. त्याची फेक विलक्षण होती, चेंडू सुटताना मान खाली, नजर जमिनीकडे. तरीही त्याच हंगामात तो लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑलस्टार संघात गेला. पिचर दर नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा देतो तो आकडा इथे मोलाचा. चारच्या आत असला तर बरा, तीनच्या आत असला तर उत्तम. ओकाजिमाचा होता २.२२. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात बॉस्टनकडे २-१ अशी एकाच धावेची आघाडी होती. तेव्हा तो आला आणि ओळीने सात जण बाद करून गेला. त्यातले चौघे तर स्ट्राइकआउट. पंचवीस लाखांत, आप्पा!

मात्सुझाकाचं मात्र इतकं सरळ नाही. पहिल्या वर्षी पंधरा विजय. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात डेन्व्हरला जाऊन जिंकला, स्वतः बॅट हातात घेऊन दोन धावाही आणल्या. बॉस्टन विजेता झालं. २००८ मध्ये अठरा विजय, फक्त तीन पराभव, सरासरी २.९०. मग खांदा दुखू लागला. २०११ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया. सहा वर्षांत एकूण पन्नास विजय. भागाकार केलात तर एका विजयाला वीस लाखांहून थोडे जास्त पडतात. महाग. पण त्याच काळात एक विश्वविजेतेपद आलं, आणि त्यातला त्याचा वाटा वजा करता येणार नाही. माझ्या मते तो सौदा कसाबसा फिटला. अधिक फिटायला हवा होता.

अधिक का फिटला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जपानमध्ये पिचरची पाळी आठवड्यातून एकदा येते आणि मधल्या दिवसांत तो सरावात भरपूर चेंडू टाकतो. लहानपणापासून खांदा त्याच पद्धतीने घडलेला असतो. इथे दर पाचव्या दिवशी पाळी, आणि मध्ये हात जपायचा, मोजून टाकायचं. मात्सुझाकाला आपल्या रीतीने सराव करायचा होता, क्लबला आपली गुंतवणूक सांभाळायची होती. २००९ मध्ये तो यावर जाहीर बोलला, ते क्लबला रुचलं नाही. दुखापत नेमकी कशामुळे झाली हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण अडीचशे चेंडू टाकणारा म्हणून ज्याला घेतलं, त्यालाच कमी टाक म्हणून रोखत राहायचं, हे मला पटत नाही.

तुम्ही म्हणाल, जपानी जाहिराती आणि तिकडच्या टीव्हीचे पैसे येत असतील, त्यातून भरपाई होते. पुष्कळांचा तसाच समज आहे. परदेशातल्या प्रक्षेपणाचे पैसे लीगच्या सामाईक खात्यात जातात आणि तीसही क्लबांत सारखे वाटले जातात. खेळाडू कुणाचाही असो, हिस्सा तितकाच. क्लबच्या स्वतःच्या पदरात पडतात ते मैदानावरचे जाहिरातफलक, प्रायोजक आणि तिकिटं. दुसरी एक बारीक गोष्ट तुम्हाला आवडेल. ठरावीक मर्यादेबाहेर पगार वाटणाऱ्या क्लबाला लीगला दंडासारखा कर भरावा लागतो, पण जपानी क्लबला दिलेली रक्कम त्या पगारात धरत नाहीत. श्रीमंत क्लब पोस्टिंगला एवढे मोठे आकडे का लावत, ते यावरून कळतं.

आता कोजी उएहारा. याच्याबद्दल लिहिताना अजून ऊर भरून येतो. २०१३ साली तो बॉस्टनला आला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. एका वर्षाचे ४२ लाख ५० हजार डॉलर, मात्सुझाकाच्या नुसत्या बोलीचा दहावा हिस्साही नाही. वेग ताशी नव्वद मैलांच्या आतबाहेर, इथल्या मानाने साधाच. पण त्याचा स्प्लिटर नावाचा चेंडू बॅटरपाशी येऊन असा खाली पडायचा की भलेभले हवेत बॅट फिरवून परत जायचे. शेवटची इनिंग टाकायला आधी दुसरेच दोघे होते. दोघेही जायबंदी झाले आणि काम याच्याकडे आलं. त्या हंगामात त्याने ओळीने सदतीस बॅटर बाद केले. १०१ स्ट्राइकआउट, आणि चार चेंडू बाहेर टाकून फुकट दिलेले बेस फक्त नऊ. सरासरी १.०९. त्याच एप्रिलमध्ये मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ स्फोट झाले होते, गाव सुन्न होतं. ३० ऑक्टोबरला फेनवे पार्कवर, रेड सॉक्सच्या मैदानावर, उएहाराने शेवटचा बॅटर स्ट्राइकआउट केला आणि बॉस्टनने १९१८ नंतर पहिल्यांदा स्वतःच्या मैदानावर वर्ल्ड सिरीज जिंकली. या नोंदीपुढे कोणती रक्कम लिहायची, तुम्हीच सांगा.

सध्या आमच्याकडे मासाताका योशिदा आहे. पाच वर्षांचे ९ कोटी, शिवाय त्याच्या जपानी क्लबला, ओरिक्सला, दीड कोटीहून जास्त. पहिल्या वर्षी बॅट छान चालली, मग खांद्याची शस्त्रक्रिया. इथे लोक त्याच्यावर वैतागतात. मला तो बॅटर म्हणून मनापासून आवडतो, पण हा सौदा अजून तरी तोट्यातच आहे.

आणि तुमचा सत्तर कोटीवाला. शोहेई ओहतानी २०१७ च्या अखेरीस एंजल्सकडे आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पंचविशीच्या आतल्या परदेशी खेळाडूला किती द्यायचं यावर मर्यादा आहे, म्हणून त्याला सहीचे मिळाले २३ लाख १५ हजार. दोन वर्षं थांबला असता तर कितीतरी पट मिळाले असते, पण त्याला थांबायचं नव्हतं. तो पिचिंगही करतो आणि बॅटिंगही, दोन्ही अव्वल दर्जाचं. एंजल्सकडे असताना दोनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरी त्या सहा वर्षांत एंजल्स एकदाही बाद फेरीत पोचले नाहीत. एक माणूस कितीही मोठा असला तरी बेसबॉलमध्ये संघ त्याच्या एकट्याच्या खांद्यावर चालत नाही.

२०२३ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी त्याला दहा वर्षांचे ७० कोटी कबूल केले. पण त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे आहेत, तेही बिनव्याजी. आत्ता तो वर्षाला वीस लाखच घेतो. आपल्याकडे उसाच्या बिलाचे हप्ते लांबले की शेतकरी कारखान्याच्या दारात येऊन बसतो. इथे खेळाडूनेच आपणहून हप्ते पुढे ढकलले, क्लबला दुसरे चांगले खेळाडू घेता यावेत म्हणून. २०२४ मध्ये त्याने ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. डॉजर्सच्या मैदानाची सफर आता जपानी भाषेतही घडवतात. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी विजेते तेच.

यंदाच्या विजयाचा खरा मानकरी मात्र योशिनोबू यामामोतो. त्याने इथे एकही चेंडू टाकलेला नसताना डॉजर्सनी बारा वर्षांचे ३२ कोटी ५० लाख दिले होते, तेव्हा किती जणांनी डोक्याला हात लावला! हा वजनं उचलत नाही, भाल्यासारखी काठी फेकून सराव करतो. डॉजर्सनी त्याची ती रीत राहू दिली. दोन सामन्यांमध्ये विश्रांतीही बहुतेक वेळा जपानसारखीच, जास्त दिवसांची. पहिल्या वर्षी त्याचाही खांदा दुखला, ते खरं. पण या वर्ल्ड सिरीजमध्ये दुसरा सामना त्याने एकट्याने पुरा केला, सहावा जिंकला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा येऊन अकराव्या इनिंगला शेवट करून गेला. तो सामना रात्री उशिरापर्यंत बघितला, दुसऱ्या दिवशी डोळे तारवटलेले होते.

पोस्टिंगचे नियमही आता बदललेत, आणि मला ते योग्य वाटतात. बंद बोली गेली. खेळाडू सगळ्या क्लबांशी बोलू शकतो. त्याच्या कराराच्या पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, आणि त्यावरच्या रकमेवर १५ टक्के त्याच्या जुन्या क्लबला. यामामोतोचं करून बघा, ५ कोटी ६ लाख २५ हजार येतात. मात्सुझाकाच्या वेळी क्लबला आणि खेळाडूला जवळजवळ निम्मे निम्मे मिळाले होते. राबणारा हात त्याचा आणि अर्धा पैसा मालकाचा, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं असतं. १९९५ मध्ये हिदेओ नोमोला तर इकडे येण्यासाठी जपानमधून निवृत्ती जाहीर करावी लागली होती. त्याच वर्षी तो इथला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. आज जे कोट्यवधी घेतात त्यांच्यासाठी दार त्याने उघडलं.

व्हिसाचे कागद मिळाले का ते कळवा. जूनमध्ये आलात तर फेनवेची दुपारच्या सामन्याची तिकिटं काढते, रात्री तिथे गार वारं सुटतं आणि तुमचा खोकला मला ठाऊक आहे. आईचे गुडघे लक्षात ठेवून खालच्या रांगेतल्या जागा घेईन. येताना थोडं मेतकूट आणा, बाकी काही नको.

आईला नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
मीनू