निविदेत डेटाबेसचं नाव लिहू नका

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी पुण्यात गेली अठरा वर्षं डेटाबेस सांभाळतो. आधी व्यावसायिक डेटाबेसवर, आता बहुतेक मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, डेटाबेसवर. दोन्हींचं मीठ खाल्लंय, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाची जुनी प्रणाली नव्या डेटाबेसवर न्यायचं काम आमच्याकडे आलं. माहितीची टेबलं नऊ दिवसांत हलली. बाकीच्याला चौदा महिने लागले. नोंदी भरायचे सगळे फॉर्म डेटाबेससोबत आलेल्या साधनात बांधलेले होते आणि जुन्या ब्राउझरशिवाय उघडत नव्हते. तेवढ्यासाठी कोपऱ्यात दोन जुने संगणक जपून ठेवले होते. थकबाकीवर व्याज कसं लावायचं, कुठली नोंद अडवायची, हे नियम शेकडो प्रोसिजरांमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आत साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, दडलेले. कागदावर एकही नाही. लिहिणारा ठेकेदार केव्हाच निघून गेलेला. आम्ही कोड वाचून सरकारचेच नियम सरकारला परत सांगत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

खरेदीच्या वेळी तुलना होते परवान्याच्या किमतीची. तीही अर्धवट. ओरॅकल या व्यावसायिक डेटाबेसचा देखभाल करार दरवर्षी परवान्याच्या सुमारे २२ टक्के असतो, म्हणजे पाच वर्षांत मूळ किंमत पुन्हा एकदा भरली जाते. पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसला परवाना शुल्क नाही, पण रात्री दोनला फोन उचलणारा माणूस त्यालाही लागतो. त्याचा पगार धरलाच पाहिजे. आणि अनेक सर्व्हरवरून एकाच डेटाबेसमध्ये एकाच वेळी लिहिण्याची ओरॅकलची सोय मूळ पोस्टग्रेसमध्ये नाही, हेही खरं. मात्र निघताना किती मोजावं लागेल, हा रकाना मी कुठल्याही तक्त्यात पाहिलेला नाही.

ओरा-टू-पीजी हे मुक्त साधन ओरॅकलच्या प्रोसिजरांचं बरंचसं रूपांतर करून देतं. तरी ओरॅकल रिकामा मजकूर आणि 'नल' (माहितीच नाही अशी खूण) एकच मानतं, पोस्टग्रेस मानत नाही. मधलं नाव 'नल' असेल तर नाव-आडनाव साध्या पद्धतीने जोडताना ओरॅकलमध्ये ते नीट येतं, पोस्टग्रेसमध्ये सगळं नावच 'नल' होतं. असे खड्डे माणसालाच शोधावे लागतात.

मराठीचंही पाहा. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर रकान्याची लांबी बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककात, मोजली जाते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, हलन्तसुद्धा) तीन बाइट घेतं. तीस लांबीच्या रकान्यात दहा चिन्हांचा 'ज्ञानेश्वर' जेमतेम मावतो, 'ज्ञानेश्वरी' नाकारली जाते. पोस्टग्रेस चिन्हं मोजतं. ओरॅकलमध्येही हे एका सेटिंगचं काम आहे, पण निविदेत मराठी नावांची चाचणी मागितली तरच कुणी ते करतं.

केंद्राचं मुक्तस्रोत धोरण २०१५ चं आहे. मुक्तस्रोताला प्राधान्य द्या, तो नको असेल तर कारण लिहून द्या, असं ते सांगतं. राज्यांनी ते स्वीकारायचं की नाही हे राज्यांवर सोडलंय, म्हणजे आपल्या हातात आहे. ती अट राज्याच्या प्रत्येक निविदेत यावी. उत्पादनाचं नाव न लिहिता गरज लिहावी, आणि किंमत दहा वर्षांची, बाहेर पडण्याच्या खर्चासह मागावी.

आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी प्रत्येक प्रोसिजरमधला नियम साध्या मराठीत लिहून, मूळ कोडसह, कार्यालयाच्या ताब्यात आला पाहिजे.

आपला,
पुण्यातील एक डेटाबेस प्रशासक